आयएसआय मार्क असूनही जर्मनीसाठी पुन्हा टेस्टिंग? एका देशाचं सर्टिफिकेट दुसरा देश का मानत नाही?

भातुकली_कोथरूड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे एक्स्पोर्टवाले आणि लॅबमध्ये काम करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी आणि माझा मामेभाऊ मिळून लाकडी खेळणी करतो. वर्कशॉप त्याचं, कुडाळजवळ, लेथ, पॉलिश, रंगकाम सगळं तिथेच होतं, आणि मी पुण्यातून डिझाईन, पॅकिंग, विक्री बघते. ओढायची बैलगाडी, खुळखुळा, भोवरे, भातुकली अशी सगळी आपली खेळणी. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला तेव्हा आमची पुरती धांदल उडाली होती, पण रीतसर अर्ज केला, वर्कशॉपची तपासणी झाली, सॅम्पल लॅबला गेली, पहिल्यांदा खुळखुळ्याचं टोक निघून आलं म्हणून नापास झाली, भावाने सांधा बदलला, दुसऱ्यांदा पास झाली आणि लायसन्स हातात आलं. त्या दिवशी मामीने अख्ख्या वाडीत पेढे वाटले, इतकं ते आमच्यासाठी मोठं होतं.

आता स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या दुकानाने आमची बैलगाडी बघितली आणि २०० नग मागितले. मी उत्साहाने आयएसआयचं लायसन्स आणि लॅबचा रिपोर्ट दोन्ही पाठवून दिलं. त्यांचं उत्तर आलं की हे ठीक आहे पण आम्हाला ईएन ७१ (युरोपचं खेळण्यांचं मानक) चा रिपोर्ट आणि सीई (युरोपात विकायच्या वस्तूवरची खूण) लागेल. त्याच आठवड्यात न्यू जर्सीच्या एक ताई म्हणाल्या की त्यांना तिथे विकायला घ्यायच्यात, पण त्यासाठी सीपीसी (मुलांच्या वस्तूंचं प्रमाणपत्र) म्हणून तिसराच कागद लागतो. म्हणजे गाडी तीच, लाकूड तेच, रंग तोच, आणि ती तीन वेळा आपटायची, तीन वेळा खरवडायची आणि तीन वेळा पैसे भरायचे. कोटेशन बघून पोटात गोळा आला, २०० नगांचा सगळा नफा त्यातच जातोय.

कुणीतरी सांगितलं की डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटनेचा) करार आहे, देशांनी एकमेकांच्या तपासण्या मान्य करायच्या असतात. मग आपल्या आयएसआयला बाहेर किंमतच नाही का? की मी चुकीचा कागद पाठवतेय? जाणकारांनी सांगा, मला खरंच हे समजून घ्यायचंय.

---

मायक्रोमीटर

ताई, आधी अभिनंदन, सूक्ष्म उद्योगाने खेळण्यांचं लायसन्स काढणं किती कष्टाचं आहे ते मी जवळून बघितलंय. सतरा वर्षं लॅबमध्ये आहे, त्यातली बरीच खेळण्यांवरच गेली.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सुट्या केल्या की डोक्याचा ताप निम्मा कमी होईल. लॅबचा रिपोर्ट म्हणजे हा नमुना आम्ही असा तपासला आणि हे आकडे आले. लायसन्स किंवा मार्क म्हणजे सरकारी संस्थेने तो रिपोर्ट, तुमचं वर्कशॉप, तुमची रोजची पद्धत हे सगळं बघून दिलेली परवानगी, आणि ती परवानगी भारताच्या हद्दीपुरतीच असते. तिसरी गोष्ट मानक, म्हणजे कशाला पास म्हणायचं आणि कशाला नापास याचं पुस्तक. परदेशात परवानगी चालत नाही, रिपोर्ट मात्र चालू शकतो, पण तो कुठल्या पुस्तकाप्रमाणे केलाय हे बघितलं जातं.

आपलं खेळण्यांचं मानक आयएस ९८७३ हे आयएसओ ८१२४ या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं आहे, युरोपचं ईएन ७१ वेगळं, अमेरिकेचं एएसटीएम एफ ९६३ वेगळं. तिन्हींचा गाभा एकच आहे. तीन वर्षांखालच्या मुलाचं खेळणं तोडमोड करून झाल्यावर त्याचा कुठलाही तुकडा ३१.७ मिमी व्यासाच्या एका छोट्या तिरक्या तळाच्या नळीत पूर्ण बसला तर नापास, कारण ती नळी म्हणजे लहान मुलाचा घसा. ही नळी दिल्लीत, बर्लिनमध्ये आणि शिकागोत अगदी तीच आहे. मग फरक कुठे? आपटण्यात. आपल्याकडे दीड वर्षाखालच्या मुलाचं खेळणं १३८ सेंमीवरून १० वेळा पाडतो, दीड ते तीन वर्षांसाठी ९३ सेंमीवरून ४ वेळा, काँक्रीटवर घातलेल्या विनाइलच्या टाइलवर. युरोपात ८५ सेंमीवरून ५ वेळा, तेही रबरासारखा थर दिलेल्या पोलादी पत्र्यावर. कोण जास्त कडक असं एका वाक्यात सांगताच येत नाही, मार वेगळा बसतो. शिवाय युरोपात डिंकाने चिकटवलेल्या लाकडी खेळण्याला ४ मिनिटं पाण्यात बुडवायचं, १० मिनिटं बाहेर ठेवायचं, असं ४ वेळा करायचं आणि मग बाकीच्या चाचण्या. तुमच्या बैलगाडीच्या चाकाचा एखादा भाग गमने बसवलेला असेल तर तुमचा खरा पेपर हा आहे.

आणि रंग. इथे फरक मोठा आहे. आपल्याकडे रंगाच्या थरातून सुटून येणारं शिसं किलोला ९० मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि एकूण ८ मूलद्रव्यं बघतात. युरोपात खरवडून निघणाऱ्या थरासाठी शिशाची मर्यादा २३ मिलिग्रॅम आणि मूलद्रव्यं १९. अमेरिकेत सुटून येणारं तर बघतातच, पण रंगातलं एकूण शिसंही मोजतात, तेही ९० पीपीएमच्या (किलोला ९० मिलिग्रॅम) आत हवं. आता समजा तुमच्या पिवळ्या रंगातून ६० सुटतंय. भारतात पास, स्टुटगार्टमध्ये नापास. जर्मन दुकानदार तुमच्यावर अविश्वास दाखवत नाहीये, आपल्या रिपोर्टमध्ये त्याला हवा तो आकडाच नाहीये.

पैशाचं म्हणाल तर तीन वेगळ्या लॅबना तीन सॅम्पल पाठवू नका. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी भारतातली संस्था) मान्यता असलेली एकच लॅब धरा जिच्या मान्यतेच्या यादीत तिन्ही मानकं आहेत, आणि 'एकत्रित प्लॅन करून द्या' म्हणून सांगा. ज्या चाचण्या समान आहेत त्या एकदाच होतात. एनएबीएलची आयएलएसी या जागतिक संघटनेच्या परस्पर मान्यता करारावर सही आहे, त्यामुळे भारतातल्या लॅबचा रिपोर्ट जर्मनीत नाकारायला सहसा कारण उरत नाही. कोटेशन मागताना मान्यतेची व्याप्ती दाखवा म्हणून आग्रह धरा, नुसता लोगो बघून पैसे भरू नका.

---

खेळणीवाला_मुंबई

आम्ही क्रॉफर्ड मार्केटजवळ होलसेलमध्ये, वडिलांपासूनचा धंदा, दुसरी बाजू मी सांगतो.

भारताने दुसऱ्यांची सर्टिफिकेटं मानली नाहीत असं नाही हो. २००९ च्या जानेवारीत चिनी खेळण्यांवर बंदी आली, मग ती सैल करून ज्या मालाबरोबर एएसटीएम एफ ९६३ किंवा आयएसओ ८१२४ किंवा आपल्या मानकाचं प्रमाणपत्र असेल तो येऊ द्यायचं ठरलं. पुढे २०१७ च्या सप्टेंबरपर्यंत धंदा असाच चालला. म्हणजे जवळपास आठ वर्षं आपण बाहेरच्या मानकावर बाहेरच्या कागदाने माल घेतला. कागदावर अगदी आदर्श व्यवस्था, तुम्हाला हवी आहे तशीच.

प्रत्यक्षात काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. एका सप्लायरने मला एकाच वर्षात तीन कंटेनरना तोच रिपोर्ट लावला होता. रिपोर्टमधल्या फोटोत लाल रंगाची गाडी आणि खोक्यात निघालं निळं हेलिकॉप्टर. मी फोन केला तर म्हणाला कागद आहे ना, बंदरात अडलं का? अडलं नव्हतं. तो माल मी परत पाठवू शकलो नाही, पैसे आधीच गेले होते, शेवटी गोदामातच पडून राहिला, विकला नाही. माझी मोठी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, त्यामुळे मनच झालं नाही.

२०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बाजारातून आयात खेळणी उचलून तपासली तेव्हा सुमारे ६७ टक्के नापास निघाली. त्यानंतरच क्वालिटी कंट्रोल ऑर्डर, म्हणजे आयएसआयची सक्ती, आली. आम्हा व्यापाऱ्यांना ती जड गेली, माझी उलाढाल दोन वर्षं निम्म्यावर होती, पण का आली हे मला माहीत आहे म्हणून मी तिच्याविरुद्ध बोलत नाही. दुसऱ्याचा कागद मानायचा असेल तर तो कागद आणि खोक्यातली वस्तू एकच आहे का हे बघणारा माणूस पाहिजे. तो नसेल तर मान्यता म्हणजे नुसता शिक्का.

---

भातुकली_कोथरूड

@मायक्रोमीटर, खूप खूप धन्यवाद. हे इतकं सोपं करून मला आत्तापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यात बुडवायचं वाचून धस्स झालं, कारण आमच्या चाकाच्या बाहेरच्या टोप्या गमनेच बसवलेल्या आहेत.

@खेळणीवाला, निळ्या हेलिकॉप्टरचं वाचून वाईट वाटलं. पण दादा, मग प्रामाणिक माणसाने काय करायचं? खोटे कागद लावणाऱ्यांमुळे माझ्यासारखीला तीनदा पैसे भरायला लागतात.

अजून एक, सीई कोण देतं? एका एजंटने मला पंधरा दिवसांत सीई काढून देतो म्हणून मेसेज केलाय.

---

आल्प्सवरून

त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका!

मी झुरिचजवळ एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत हेच काम करतो, प्रॉडक्ट कम्प्लायन्स. मूळचा साताऱ्याचा. सीई कुणी 'देत' नाही. तुमच्या साध्या लाकडी गाडीच्या बाबतीत ईएन ७१ पूर्ण पाळलं असेल तर उत्पादक म्हणून तुम्ही स्वतःच लिहून द्यायचं की माझी वस्तू युरोपच्या कायद्याप्रमाणे आहे, त्याच्यामागे फाइल तयार ठेवायची, ज्यात डिझाईन, रंगाचा आणि लाकडाचा तपशील, धोक्यांचा विचार आणि चाचणीचे रिपोर्ट असतात, आणि ती फाइल १० वर्षं सांभाळायची. मग सीई छापायचं, तेही तुमच्याच हाताने. म्हणजे युरोप तुमच्याकडून सरकारी मंजुरी मागतच नाही, तो तुमचा शब्द मागतो, आणि शब्द खोटा निघाला तर कुणाला धरायचं ते पक्कं ठेवतो. माल युरोपाबाहेरून येतो तेव्हा तिथला आयातदार धरला जातो, त्याचं नाव-पत्ता खेळण्यावर किंवा वेष्टनावर लागतो. तुमच्या स्टुटगार्टच्या दुकानदाराला रिपोर्ट हवाय तो यासाठी, उद्या काही झालं तर दारात अधिकारी त्याच्या उभे राहणार आहेत. युरोपात धोकादायक निघालेल्या वस्तूंची यादी सेफ्टी गेटवर जाहीर होते, फोटोसकट, आणि त्यात खेळणी कायम असतात.

एकमेकांचं मानायचं कसं याची गंमतशीर वाटावी अशी पण फार महत्त्वाची सुरुवात एका दारूच्या बाटलीपासून झाली. फ्रान्समधल्या दिजाँ गावची काळ्या मनुकांसारख्या फळाची लिकर, कासी द दिजाँ, १५ ते २० टक्के अल्कोहोलची. जर्मनीचा नियम होता की फळांच्या लिकरमध्ये कमीत कमी २५ टक्के हवं. जर्मन आयातदाराला परवानगी नाकारली. सरकारचं कोर्टात म्हणणं काय, तर कमी अल्कोहोलच्या पेयांनी लोकांना सवय लागते. युरोपच्या न्यायालयाने २० फेब्रुवारी १९७९ ला निकाल दिला की एका सदस्य देशात कायदेशीर विकली जाणारी वस्तू दुसऱ्याने सबळ कारण असल्याशिवाय अडवायची नाही. ग्राहकाला माहिती हवी तर लेबलवर टक्के छापा. युरोपची एकच बाजारपेठ उभी राहिली त्यात या निकालाचा मोठा वाटा आहे.

आणि स्वित्झर्लंड तर युरोपियन युनियनमध्ये नसून त्याने १ जुलै २०१० पासून हे तत्त्व एकतर्फी लागू केलं, तुम्ही आमचं माना न माना, आम्ही तुमचं मानतो. का? लहान देश आहे, इथल्या माणसाला वस्तू महाग पडत होत्या. पण मान्यता किती नाजूक असते तेही इथेच बघितलं. वैद्यकीय उपकरणांसाठी युनियनबरोबर करार होता, तो नव्या नियमांप्रमाणे अद्ययावत झाला नाही, राजकारण आडवं आलं, आणि २६ मे २०२१ ला सकाळी स्विस उपकरणं युरोपच्या लेखी 'तिसऱ्या देशाची' झाली. माझ्या ओळखीतल्या एका छोट्या कंपनीला रातोरात युनियनमध्ये प्रतिनिधी नेमावा लागला, सगळी लेबलं बदलावी लागली. उपकरणात एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता.

डब्ल्यूटीओबद्दल : टीबीटी करारात (व्यापारातल्या तांत्रिक अडथळ्यांबद्दलचा करार), १९९५ पासून, हे आहे. कलम ६ म्हणतं की जिथे शक्य असेल तिथे दुसऱ्या देशाच्या तपासणीचे निकाल स्वीकारावेत, पद्धत वेगळी असली तरीही, पण तितकीच खात्री मिळते असं समाधान झालं पाहिजे. त्या 'शक्य असेल तिथे' आणि 'समाधान' या दोन शब्दांत सगळं अडकतं. समाधान कुणाचं? घेणाऱ्या देशाचं.

---

हळद_सांगली

करार झाला म्हणजे कायमचा झाला असं समजू नका एवढंच सांगायला आलो. आम्ही सेंद्रिय हळद पाठवतो. आपल्या अपेडाच्या (शेतमालाच्या निर्यातीची सरकारी संस्था) एनपीओपी या सेंद्रिय प्रमाणपत्राच्या कार्यक्रमाला अमेरिकेच्या कृषी खात्याने २००६ पासून मान्यता दिली होती, म्हणजे आपल्या इथल्या सर्टिफिकेशन संस्था अपेडाच्या देखरेखीखाली अमेरिकेचं सेंद्रिय प्रमाणपत्र देऊ शकायच्या. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी ती मान्यता काढून घेतली, देखरेख पुरेशी नाही म्हणून, आणि जुलै २०२२ पर्यंत सगळ्यांना थेट अमेरिकेने मान्य केलेल्या संस्थेकडून नव्याने प्रमाणपत्र घ्यायला लावलं. आमच्या गटात ४० शेतकरी. एकाच्याही रानात काही खोट नव्हती, सगळ्यांच्या वह्या पहिल्यापासून परत तपासून घेतल्या. म्हातारे शेतकरी विचारायचे, बाळा, आपण काय चुकलो? काय उत्तर देणार. दुसऱ्या कुठल्या तरी राज्यात कुणीतरी भलताच माल सेंद्रिय म्हणून पाठवतो आणि शिक्का सगळ्या देशाचा खराब होतो.

भातुकली ताईंनी रिपोर्ट आपल्या नावावर करून ठेवावा, तो आपल्याबरोबर राहतो, देशादेशातलं बिनसलं तरी.

---

सिस्टर_मिरज

मी ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, खेळण्यांतलं कळत नाही, पण "परदेशी मान्यता आहे म्हणजे झालं" हे ऐकलं की मला राहवत नाही. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीचे स्तनांचे इम्प्लांट होते, सीई होतं, तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र होतं, जगभर लाखो बायकांच्या शरीरात बसवले. २०१० मध्ये उघड झालं की आत औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरलं होतं, तपासणीला येणाऱ्यांना वेगळं दाखवायचे. मालकाला पुढे शिक्षा झाली. पण ज्या बायकांना ते काढायला परत टेबलवर झोपावं लागलं त्यांचं काय?

दुसऱ्या बाजूने हेही खरं की औषधांच्या बाबतीत एकमेकांचं मानल्याने फायदा होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी ठरवलं की अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपियन युनियनमध्ये मंजूर असलेल्या काही प्रकारच्या नव्या औषधांना, दुर्मीळ आजारांवरची वगैरे, इथे परत क्लिनिकल ट्रायलची सक्ती नाही. दुर्मीळ आजाराच्या मुलाच्या आईला दोन वर्षं थांबा म्हणून सांगणं काय असतं ते मी बघितलंय. म्हणून मला वाटतं मानायचं की नाही हे वस्तू बघून ठरवावं, आणि मानल्यावरही बाजारातून नमुने उचलून तपासत राहावं. एकदा मानलं की डोळे मिटायचे, हे नको.

---

चितारआळी

मी सावंतवाडीचा. घरात तीन पिढ्या लाकडी फळं आणि खेळणी. आमच्यासारख्यांना आयएसआयमधून सूट आहे, हस्तकला आयुक्तालयात कारागीर म्हणून नोंद असली की आपण बनवून विकलेल्या खेळण्यांना लायसन्स लागत नाही, जीआय (भौगोलिक मानांकन) नोंद असलेल्या खेळण्यांनाही नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये ती सूट आली तेव्हा आम्हाला फार मोठा आधार झाला, नाहीतर एकेका कारागिराने लॅबचा खर्च कुठून आणला असता.

पण ही सूट विमानात चढत नाही हे मला उशिरा कळलं. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने इथून लाकडी फळांच्या टोपल्या बाहेर नेऊन विकायला काढल्या, तिथे कागद मागितले, माझ्याकडे कारागीर ओळखपत्राशिवाय काही नव्हतं. त्यांनी शेवटी शोभेची वस्तू म्हणून विकल्या, मुलांसाठी नाही. मला ते लागलं. खेळणं म्हणून केलं होतं ना ते. तेव्हापासून मी रंग बदललाय, डबा घेताना कंपनीकडून शिशाचा रिपोर्ट लेखी मागतो. पहिल्या दोघांनी दिलाच नाही, तिसऱ्याने दिला. ताई, तुमच्या भावाला सांगा, रंगवाल्याचा रिपोर्ट बॅचनंबरसकट घ्या. एका डब्याचा रिपोर्ट दुसऱ्या डब्याला लागू होत नाही.

---

मायक्रोमीटर

@चितारआळी, बॅचनंबरचा मुद्दा लाखमोलाचा आहे. पिवळा, केशरी आणि हिरवा हे रंग जास्त काळजीने बघा, आमच्याकडे नापास होणारे बहुतेक त्यातलेच असतात.

अमेरिकेबद्दल राहिलं होतं. तिथे मुलांच्या वस्तूला स्वतःच्या शब्दावर चालत नाही, त्रयस्थ लॅबचा रिपोर्ट कायद्याने लागतो. २००७ मध्ये शिशाच्या रंगाची लाखो खेळणी परत बोलवावी लागली, फिशर-प्राइसचीच साडेनऊ लाखांच्या आसपास होती, त्यानंतर २००८ चा कायदा आला. पण लॅब अमेरिकेतलीच हवी असं नाही. त्यांच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने स्वीकारलेली हवी, आणि स्वीकारायची अट काय, तर त्या लॅबला आयएलएसी करारातल्या मान्यता संस्थेची मान्यता हवी. म्हणजे एनएबीएल चालते. अशा लॅब भारतात आहेत. त्या रिपोर्टवरून सीपीसी कागद मात्र आयातदाराने, म्हणजे न्यू जर्सीच्या ताईंनी, स्वतःच्या नावाने लिहायचा. आणि रंग न लावलेल्या नैसर्गिक लाकडाला त्यांच्याकडे शिशाच्या चाचणीतून सूट आहे. गाडीचा सांगाडा बिनरंगाचा ठेवून फक्त बैल रंगवलेत तर चाचणीचा बराच खर्च वाचेल.

आता ताई, भारताचा मार्क जर्मनीत चालत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. जर्मनीचा मार्क भारतातही चालत नाही. परदेशी खेळणी कारखान्याला आपल्याकडे विकायचं असेल तर बीआयएसचंच (आयएसआय मार्क देणारा भारतीय मानक ब्यूरो) लायसन्स घ्यावं लागतं, आपले अधिकारी तिथे जाऊन कारखाना बघतात. रिपोर्टच्या पातळीवर जो विश्वास आहे तो शिक्क्याच्या पातळीवर अजून कुणी कुणाला दिलेला नाही, अपवाद थोडे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा १९९८ पासून आहे, एकीकडे विकता येतं ते बहुतेक सगळं दुसरीकडे विकता येतं. अमेरिका आणि युरोपने त्याच वर्षी मोठा करार केला होता, त्यातला विजेच्या सुरक्षेचा भाग कधी नीट चाललाच नाही. औषध कारखान्यांच्या तपासणीचा भाग मात्र २०१९ मध्ये माणसांच्या औषधांसाठी पूर्ण लागू झाला, पण त्याआधी दोन्हीकडचे अधिकारी वर्षानुवर्षं एकमेकांच्या तपासण्यांना शेजारी उभे राहून बघत होते. माझा अनुभव सांगतो, दुसऱ्या लॅबचा माणूस आपल्या टेबलापाशी दोन दिवस उभा राहिला की मग त्याच्या रिपोर्टवर आपली सही करायला हात कचरत नाही. करार कागदावर नंतर येतो.

---

भातुकली_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, अपडेट द्यायला तीन आठवडे लागले.

एजंटला नाही म्हणून सांगितलं. एक लॅब मिळाली जिच्या यादीत तिन्ही मानकं आहेत, एकत्रित प्लॅन मागितला तर खर्च आधीच्या तीन कोटेशनच्या बेरजेपेक्षा खूपच खाली आला. स्टुटगार्टच्या दुकानदाराशी बोलले, त्यांना स्पष्ट विचारलं की आयातदार म्हणून तुमचं नाव छापायचं ना, तर ते म्हणाले हे तुम्ही स्वतः विचारलंत म्हणून मला बरं वाटलं, आणि रिपोर्टच्या खर्चातला थोडा भाग पहिल्या ऑर्डरमध्ये वाटून घ्यायला तयार झाले.

लॅबला पाठवण्याआधी भावाने अंगणात बादली मांडली. मी व्हिडिओ कॉलवर घड्याळ धरून बसले. ४ मिनिटं आत, १० मिनिटं बाहेर. पहिल्या दोन वेळा काही झालं नाही, आम्ही खूश. तिसऱ्यांदा बाहेर काढली तर डाव्या चाकाची टोपी बोटाने फिरायला लागली. चौथ्यांदा ती पाण्यावरच तरंगत वर आली. एवढीशी टोपी, भावाने ती वायरच्या तुकड्याने मापली, २२ मिमी. मी काही बोललेच नाही, कारण माझी भाची त्याच गाडीने खेळते आणि ती गाडीची चाकं तोंडात घालते हे आम्ही सगळ्यांनी शंभरदा बघितलंय.

आता टोपी काढूनच टाकली. चाकाच्या बाहेरून आरपार लाकडी खुंटी घातलीय, शिवाय पाण्याला टिकणारा गम. सांगाडा बिनरंगाचा, बैल फक्त रंगवलेले, पिवळा रंग बाद, त्याच्याऐवजी गेरूसारखा तांबडा, रंगवाल्याचा रिपोर्ट बॅचनंबरसकट आलाय. भारतात विकतो त्या गाड्यांनाही हीच खुंटी लावणार आहोत, जुना स्टॉक दुकानांतून परत मागवलाय. नव्या खुंटीची बादली दोनदा झाली, हललीही नाही. सॅम्पल सोमवारी जातील.

---

मायक्रोमीटर

जुना स्टॉक परत मागवलात हे फार बरं केलंत. सांधा बदललाय म्हणजे आयएसआयसाठीही बदललेला नमुना तपासून घ्या, जुना रिपोर्ट जुन्या गाडीचा आहे. आणि सॅम्पल पाठवताना खुंटी घातल्यापासून किमान दोन दिवस सुकू द्या, घाईत ओली पाठवू नका.